अरबस्तानात गेलेलं अलिबाग

मृणालीने भर सभेत तोंड उघडलं, तेव्हाच तिच्या आईने, धोंडुबाईने, कपाळाला हात लावला. करंजखारच्या देवळासमोर गाव जमला होता, पुरुष पुढे आणि बाया मागे, आणि त्या मागच्या गर्दीतून ही वीस-बावीस वर्षांची पोर ताडकन उठून म्हणाली होती, "आभाळातून काढलेला फोटो आणते मी. मंग तर पटंल?"

गाव हसला. हसणारच. गेला तासभर गावातली अनुभवी माणसं एकमेकांच्या उरावर बसत होती आणि ही निघाली आभाळातून फोटो आणायला.

भांडण साधं होतं, पण सुटणारं नव्हतं. करंजखार पेणच्या पलीकडे, खाडीला चिकटलेलं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. तिला वाचवतो तो मातीचा लांबलचक बांध, बाहेरकाठा. काठ्याच्या आत भात, काठ्याच्या बाहेर मिठागर. काठ्याला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग पुढची दोन-तीन सालं त्या मातीत खायला काही पिकत नाही. म्हणून गावात जोळाची चाल होती. समुद्र उठणार असं वाटलं की कुणीतरी हाक द्यायची आणि दर घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन काठ्यावर हजर व्हायचं. हाक गेली की ‘मला काम आहे’ चालत नाही. मात्र हाक खोटी ठरली तर देणाऱ्या घराचं तोंड कायमचं बंद. त्या घराने पुन्हा हाक द्यायची नाही.

गेल्या साली गोविंदा म्हाताऱ्याने हाक दिली होती. सगळा गाव मिठागर सोडून काठ्यावर धावला. समुद्र काही आला नाही, पाऊस मात्र आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मिठाच्या राशी वितळून खाडीला मिळाल्या. गोविंदाचं तोंड तेव्हापासून बंद होतं आणि बाकीच्यांना आपलं बंद करून घ्यायची हौस नव्हती.

आता ज्येष्ठी पौर्णिमा तोंडावर आलेली. त्या दुपारची भरती वर्षातली मोठी. रेडिओ सांगत होता की अरबी समुद्रात वादळ तयार झालंय, पण रेडिओ असं प्रत्येक ढगाला सांगतो. मिठागरावर मीठ गोण्यांत भरून, शिवून, काठ्याच्या बाहेरच्या अंगाला रचून ठेवलेलं. मालक मुंबईला राहणारा. त्याचे दिवाणजी शिवाभाऊ यांनी निरोप दिला होता की पौर्णिमेला दुपारी ट्रक लागतील, सगळ्या बायांनी गोण्या वाहायला मिठागरावर हजर राहायचं. मिठागराचा मुकादम होता जनू, म्हणजे मृणालीचा बाप. गेल्या सालचं मीठ त्याच्या हाताखाली वितळलं होतं. यंदाही वितळलं तर मुकादमी जाणारच होती.

मीठ उचलायचं की काठा बांधायचा? दोन्हीला माणसं तीच. आणि वादळ लांब असेल तर काठ्याला हात लावणं हा निव्वळ मूर्खपणा होता.

मृणालीला मनातून खात्री होती की वादळ लांबच असणार. फोटोत ते दिसेल, बापाचं मीठ सुटेल, आणि मागे बसलेल्या बायांतली एक पोर काय करू शकते तेही या हसणाऱ्यांना कळेल. खरं सांगायचं तर शेवटची गोष्ट तिला जास्त हवी होती.

*

तिचा आतेभाऊ मिथुन रोह्याला, धाटावच्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला होता. कारखान्याच्या हापिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं, टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत चालणारं. मुंबईच्या एका कॉलेजात रोजचे उपग्रहाचे फोटो ठेवलेले असतात हे त्याला ठाऊक होतं. मृणालीने फोनवरून त्याच्या मागे टुमणं लावलं आणि पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती पहिल्या गाडीने रोह्याच्या फलाटावर जाऊन उभी राहिली.

मिथुनने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी तिच्या हातात ठेवली. "जप गो. पानी लागू देव नको."

"उघडून बघितलास?"

"आमच्या हापिसात फोटो उघडायचं सॉफ्टवेअर हाय कुठं? नि ह्याला नाव नाय, गाव नाय, नुसते आकडे हायत. एकेक आकडा म्हंजे एकेक ठिपका. रुंदी पाचशे बारा, उंची पाचशे बारा, एवढं उघडताना तूच सांगायचंस."

"परत लागला तर?"

"आज नाय. साहेबाने फोनच्या खोलीला कुलूप घातलंन. जा आता, मला शिफ्ट हाय."

परतीची गाडी निडीला क्रॉसिंगसाठी थांबली ती थांबलीच. मृणालीने फ्लॉपी ओढणीखाली छातीशी धरून इंजिनाला, स्टेशनमास्तरला आणि समोरून न येणाऱ्या गाडीला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

पेणला ती दत्तात्रेय सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकली होती आणि आता तिथेच शिकवत होती. उरलेल्या वेळात ती लग्नपत्रिका आणि अर्ज टाईप करायची. सर मनाने चांगले, पण मशीनच्या बाबतीत कंजूष. त्यांचं एकच रंगीत पडद्याचं मशीन होतं आणि त्यावर ते झबलं चढवल्यासारखं कव्हर घालून ठेवत. मृणालीने ते ओढून काढलं, फ्लॉपी घातली, रुंदी आणि उंची सांगितली.

फोटो उघडला. वरचा भाग छान दिसत होता, डावीकडे अरबस्तान, उजवीकडे आपला देश, किनाऱ्यांच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या. मग जसजसं खाली यावं तसतसं सगळं तिरपं होत होतं, फाटल्यासारखं. आणि खाली डावीकडे, अरबस्तानाच्या अंगणात, पांढराशुभ्र गोल भोवरा.

"लांब आहे की!" सर म्हणाले. "झालं तुझं काम."

तेवढ्यात मालकाचं पत्र टाईप करून घ्यायला शिवाभाऊ क्लासमध्ये आले. त्यांनी मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वादळ अरबांकडे? वा! मला एक छापून द्या. गावाला मीच दाखवतो."

सरांनी छापून दिलं. शिवाभाऊ कागद घडी न घालता, दोन बोटांत धरून घेऊन गेले.

मृणाली खुर्चीतून उठली नव्हती. खरं तर तिला जे हवं होतं तेच पडद्यावर होतं. बापाचं मीठ वाचलं होतं, तिची बढाई खरी ठरली होती. पण त्या भोवऱ्याच्या उजव्या अंगाला पांढरी रेघ होती, तुकड्यातुकड्यांची, पायऱ्यांसारखी घसरलेली. तिने बोट ठेवलं.

"सर, ही रेघ कसली?"

"किनारा."

"कुठला?"

सर जवळ आले.

"हा आपला किनारा हाय सर. मुंबई, अलिबाग, खाली रत्नागिरी. तो उजवीकडे पायजे. आपलं अलिबाग अरबस्तानात कसं गेलं?"

"उपग्रह तिरपा बघतो, मृणाली."

"तिरपं बघून अलिबाग अरबस्तानात जातं? आणि वरचा भाग तेवढा सरळ बघतो?"

"फाईल खराब असेल. फ्लॉपी जुनी असेल. ऊठ आता, बॅच आली."

"नाय उठत."

बॅचची मुलं दारात चपला काढत होती. सरांनी आवाज खाली आणला. "अगं, तुझ्या वडलांच्या सोयीचंच आलंय ना? मग कशाला उकरतेस?"

हे ऐकून मात्र तिचं टाळकं सटकलं. "सोयीचं हाय म्हणून खरं मानू? सर, तुम्ही मला पगार देऊ नका आजचा, या महिन्याचा पण देऊ नका. पण हे मशीन मी सोडणार नाय. उचलून बाहेर ठेवायचं असेल तर खुर्चीसकट ठेवा."

सरांनी तिला तीन वर्षं शिकवलं होतं. ही खुर्चीसकटही उचलली जाणार नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी बॅचला बाहेरच्या जुन्या मशीनवर बसवलं.

मृणालीने रुंदी एकाने वाढवून पाहिली. वरचा सरळ भाग वाकडा झाला आणि खालचा काही सरळ होईना. दोनाने वाढवली, कमी केली, दुप्पट केली. एकदा तर पडद्यावर नुसती गोधडीची ठिगळं आली. रुंदी चुकली असती तर फोटो वरपासून खालपर्यंत सारखाच घसरला असता. हा तसा नव्हता. नीट पाहिल्यावर तिला दिसलं की पांढऱ्या ढगांमध्ये तो घसरत नव्हताच. काळ्याभोर समुद्रातून जाताना घसरत होता. मग तिने फाईलचं वजन पाहिलं. पाचशे बारा गुणिले पाचशे बारा, एवढेच आकडे असायला हवे होते. होते त्याहून जास्त.

म्हणजे काही हरवलं नव्हतं. फाईल खराब नव्हती. कुणीतरी मध्येमध्ये जादा आकडे कोंबले होते. गवंड्याने भिंतीच्या थरात एखादी वीट जास्त घालावी आणि वरचा प्रत्येक थर सरकत जावा, तसा सगळा देश सरकत सरकत उजव्या कडेला जाऊन पडला होता आणि डाव्या कडेने परत आत आला होता.

ती पळत समोरच्या टेलिफोन बूथवर गेली. मिथुनला शिफ्टमधून बोलावून घ्यायला कारखान्याच्या वॉचमनशीही भांडावं लागलं.

"तू काय केलंस फोटोला?"

"मी? मी कशाला काय करू? आणला नि फ्लॉपीत टाकला."

"कसा आणलास ते सांग. एकेक बटन सांग."

मिथुनने सांगायला सुरुवात केली आणि मधेच सहज म्हणाला, "मंग टेक्स्ट म्हणून सांगितलं, नेहमीसारखं."

"टेक्स्ट? फोटोला?"

"अगो, मी सगळंच टेक्स्टने आणतो. मुंबईवरून पत्रिकांचा मजकूर येतो ना, टेक्स्ट सांगितलं नाय तर सगळ्या ओळी एकात एक चिकटतात. वधूचं नाव वराच्या बापाला जाऊन लागतं. मागे एकदा केवढा तमाशा झाला नागोठण्याला! तवापासून मी नेमच केलाय."

मृणालीने डोळे मिटले. कारखान्याची नोकरी सांभाळून मिथुन लग्नपत्रिकांचा धंदा करायचा. सगळा रायगड जिल्हा मे-जूनात लग्नं लावतो, आणि या शहाण्याने वादळसुद्धा लग्नपत्रिकेच्या रस्त्याने आणलं होतं.

क्लासमध्ये येऊन तिने सरांना हे सांगितलं. सर आधी चिडले आणि मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"दहा," ते म्हणाले.

"काय दहा?"

"अगं, मीच शिकवलंय तुला. मुंबईचं ते मशीन मोठं. त्याच्यात ओळ संपली की फक्त दहा हा आकडा लिहितात. आपल्या मशीनला दहाच्या आधी तेराही लागतो. टेक्स्ट म्हटलं की हे प्रत्येक दहाच्या आधी एक तेरा घालतं. पत्रिकेत ते बरोबर. पण फोटोत दहा म्हणजे ओळ नव्हे."

"फोटोत दहा म्हणजे काळा ठिपका," मृणाली म्हणाली. "समुद्र."

दोघंही पडद्याकडे पाहत राहिली. समुद्राचा प्रत्येक काळा ठिपका त्या मशीनला ओळीचा शेवट वाटला होता.

प्रोग्राम लिहायला तिला वेळ लागला नाही, चुकायला लागला. पहिल्या खेपेला तिने घाईत फाईलमधले सगळेच तेरा गाळून टाकले. त्यात फोटोचे स्वतःचे तेराही गेले आणि आता देश उलट दिशेला, डावीकडे घसरला. सर काही बोलले नाहीत, ते बरं केलं. नाहीतर तिने त्यांनाच सुनावलं असतं. दुसऱ्या खेपेला तिने यंत्राला बजावलं की तेराच्या पाठोपाठ दहा असेल तरच तो तेरा गाळायचा, एरवी हात लावायचा नाही. मशीन घरघरलं. तिने फाईलचं वजन पाहिलं. पाचशे बारा गुणिले पाचशे बारा. नेमकं.

फोटो उघडला तेव्हा कच्छ कच्छच्या जागी होतं, मुंबई मुंबईच्या जागी होती, अलिबाग घरी परतलं होतं. आणि भोवराही त्याच्याबरोबर परतला होता. तो रत्नागिरीच्या समोर, किनाऱ्याला खेटून उभा होता, आणि त्याचा एक जाडजूड पांढरा हात रायगडावर टेकलेला होता.

"देवा," सर म्हणाले.

मृणालीला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, कुणावर ते तिला कळेना. तिला हे नको होतं. तिला बापाचं मीठ हवं होतं. शिवाभाऊंचा कागद एव्हाना गावात पोचला असणार, सगळे खूश असणार, आणि तिने हा फोटो पुसून टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार तिच्या मनात आला. तो आल्याची तिला इतकी लाज वाटली की तिने प्रिंटरचं बटण जरुरीपेक्षा जोरात दाबलं.

*

ती गावात आली तेव्हा उन्हं कलली होती. देवळाच्या ओट्यावर शिवाभाऊ बसले होते, त्यांचा कागद हातोहात फिरत होता, आणि जनू मुकादम कैक दिवसांनी दात दाखवून हसत होता.

"आली बघा!" तो म्हणाला. "पोरीने बोललेलं करून दाखवलंन!"

मृणालीने आपला कागद त्या कागदाशेजारी ठेवला. "बाबा, तो फोटो चुकीचा हाय. हा खरा. वादळ आपल्या समोर हाय."

शिवाभाऊंनी दोन्ही कागद उचलून शेजारी शेजारी धरले.

"एकच फ्लॉपी ना?"

"व्हय."

"सकाळी मी स्वतः बघितलं तेव्हा वादळ अरबांकडे. दुपारी तू एकटी मशीनवर बसलीस आणि वादळ आपल्या दारात. कॉम्प्युटर काय, सांगू ते छापतो. का गं, मालकाचं मीठ बुडवायचंय का?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मृणालीने दहा आणि तेरा समजावून सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या वाक्यालाच कुणीतरी जांभई दिली. तेव्हा तिने ते सोडून दिलं आणि शिवाभाऊंच्या हातातला आपला कागद ओढून घेतला.

"तुमच्या कागदात मुंबई दाखवा मला. तुमचे मालक राहतात ना तिथं? दाखवा कुठं हाय."

शिवाभाऊंनी कागद आडवा धरला, उभा धरला. त्यांच्या बोटाला मुंबई सापडेना.

"दिसत नसंल बारीक," ते म्हणाले.

"ह्याच्यात दिसते," म्हणत तिने आपला कागद पुढे केला. "किनारा असा खाली येतो, नि हे वादळ. बाबा, तुमी बघा."

जनूने पाहिलं. त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मृणाली, मुकादमी जाईल गो. गेल्या सालापासून ते निमित्तच बघतायत. तुला नक्की ठाव हाय?"

"मला फोटो ठाव हाय. समुद्र काय करील ते मला ठाव नाय. पण फोटो खरा हाय."

जनू गोविंदा म्हाताऱ्याकडे वळला. गोविंदाने मान हलवली. "माझं तोंड बंद हाय. नि माझ्यासारखं करून घ्यायला कोन येतंय?"

कुणीच आलं नाही. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. मृणालीने ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी माणसं, इतके धिप्पाड बापये, आणि सगळ्यांना आपापलं तोंड शाबूत ठेवायचं होतं. कशासाठी? पुढच्या सालासाठी? काठाच राहिला नाही तर कसली हाक?

ती ओट्यावर चढली. हाक देताना तोंडाशी दोन्ही हात धरून खाडीकडे पाठ करायची असते, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं. बाईने हाक दिलेली मात्र कधी पाहिली नव्हती.

"जोळ होऽऽ! बाहेरकाठ्याला जोळ होऽऽ!"

आवाज मधेच फाटला. तिने श्वास घेऊन पुन्हा दिला.

"ही कसली हाक?" शिवाभाऊ उठले. "पोरगी उद्या लग्न होऊन जाणार. हिची हाक कुठल्या घराची?"

"जनूच्या घराची," धोंडुबाई मागून म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "आमचं तोंड बंद करायचं तर उद्या संध्याकाळी करा. आता हाक गेली. नाय बोलायचं नसतं."

ती देवळाकडून थेट काठ्याकडे चालू लागली. तिच्यामागे दोन बाया उठल्या, मग चार, मग सगळ्याच. बापये डोकं खाजवत उठले. चाल ती चाल. शिवाभाऊ मालकाला फोन लावायला पेणला निघून गेले.

काठा उघाडीजवळ कमजोर होता. उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार, तिथली माती दरसाल खचते. तिथे गोण्या हव्या होत्या, मातीने भरलेल्या, भरपूर. गावातल्या यच्चयावत गोण्या मात्र मिठाने भरून, तोंडं शिवून, काठ्याखाली रचलेल्या होत्या. मालकाचं मीठ. जनूच्या ताब्यातलं.

जनू त्या राशीसमोर उभा राहिला. मोसमभर बायांनी उन्हात तळपाय भाजून ओढलेलं मीठ होतं ते. त्याने सुतळी धरली आणि सोडली. पुन्हा धरली. त्याचे हात काही पुढे जाईनात.

धोंडुबाईने कमरेचा कोयता काढला, पहिल्या गोणीची शिवण उसवली आणि गोणी उलटी केली. मीठ तिच्या पायांवर पडलं. तिने रिकामी गोणी झटकली, मृणालीच्या हातात दिली आणि दुसरीला कोयता लावला.

"आये," मृणाली म्हणाली.

"माती भर," धोंडुबाई म्हणाली. "रडायला मंग वेळ हाय."

अंधार पडेपर्यंत काम चाललं आणि पहाटे पुन्हा सुरू झालं. दुसरा दिवस वटपौर्णिमेचा, बायांचे उपास होते. वडाला जायला कुणी हललं नाही. एकजण म्हणाली, नवराच वाहून गेला तर सात जन्म कुणाकडे मागू, आणि चिखलातल्या चिखलात सगळ्या पोट धरून हसल्या. वारा वाढत होता. आभाळ खाली आलं होतं. मृणाली गोण्या ओढत होती आणि दर थोड्या वेळाने मान वर करून समुद्राकडे पाहत होती. समुद्र शांत राहिला तर आपल्या बापाला आपण रस्त्यावर आणलं, आणि उठला तर गाव जाईल. कशाची इच्छा करावी हेच तिला कळत नव्हतं.

दुपारी भरती लागली आणि इच्छेचा प्रश्न उरला नाही. पाणी रोजच्यासारखं हळूहळू चढलं नाही, एका दमात आलं, तपकिरी, फेसाळ, काठ्यावर खांदा मारत. मिठागराचे लहान बांध बघता बघता दिसेनासे झाले. ओतलेलं मीठ गेलं, ज्या फळ्यांवरून गोण्या वाहायच्या त्या फळ्या गेल्या, मुकादमाची झोपडी छपरासकट उचलली गेली. उघाडीजवळ काठा थरथरला. बायाबापये गोण्यांवर गोण्या टाकत राहिले, गोविंदा म्हातारा शिव्या देत राहिला. पाणी वरच्या थराला लागलं, तिथे बराच वेळ धडका देत राहिलं, आणि मग थकल्यासारखं एकेक बोट उतरू लागलं. आतली शेतं तशीच होती.

त्याच सुमारास शिवाभाऊ आले. ट्रक गावाच्या वेशीवर अडकले होते. ते चिखल तुडवत, छत्री उलटी झालेली, काठ्यावर चढले आणि समोर न बघताच जनूवर ओरडले, "गोण्या उसवल्या म्हणे! मालकांच्या! आजपासून या आगरात पाय ठेवायचा नाही तू!"

जनू चिखलात बसला होता. त्याला उठायचंही त्राण नव्हतं. त्याने नुसता हात वर करून समोर दाखवलं. "आगर कुठं हाय ते दाखवा आधी. मंग पाय ठेवत नाय."

शिवाभाऊंनी पाहिलं. मिठागर होतं तिथे खाडी होती, काठ्यापासून क्षितिजापर्यंत एकसलग, आणि तिच्यात झोपडीचं छप्पर गिरक्या घेत चाललं होतं. त्यांची छत्री हातातून सुटली. ट्रकची वेळ त्यांनीच दिली होती. बायांनी या वेळेला गोण्या घेऊन नेमकं कुठे असावं, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

हे मृणालीलाही त्याच क्षणी उमगलं. तोवर तिने फक्त शेताचा आणि मिठाचा विचार केला होता. ती बायांकडे बघू लागली, एकेकीच्या तोंडाकडे, चिखलाने माखलेल्या, ओळखू न येणाऱ्या. ती आईला धरून उभी राहिली.

शिवाभाऊ घशातल्या घशात म्हणाले, "पण मालकांना मी काय सांगू?"

धोंडुबाईने कोयता लुगड्याला पुसला.

"सांगा, बाया जित्या हायत," ती म्हणाली, आणि लेकीला धरून काठ्यावरून खाली उतरली.